स्लोव्हाकियात दुभाषी शोधताय? सीव्ही एकीचा, माणूस दुसराच

चाकणच्या आमच्या कंपनीसाठी कोशित्सेजवळच्या एका फोर्जिंग पुरवठादाराकडे ऑडिटला जायचं होतं. शॉपफ्लोअरवर सगळे स्लोव्हाकच बोलणारे. एका ऑनलाइन एजन्सीनं स्लोव्हाक-इंग्रजी दुभाषी बाईंचा सीव्ही पाठवला. धातुशास्त्राची पदवी, कोर्टाची मान्यता, गोल शिक्का, सगळं झकास. निम्मे पैसे आगाऊ घेतले.

गेटवर उभा होता कॉलेजचा पोरगा. म्हणे, मॅडम आजारी आहेत.

इंग्रजी फर्डं, पण हीट ट्रीटमेंटमधलं ओ की ठो कळत नव्हतं. टेम्परिंगच्या, म्हणजे कडक केलेलं पोलाद पुन्हा तापवून चिवट करायच्या भट्टीवरचा ऑपरेटर रेकॉर्डरच्या आलेखात एका जागी बोट ठेवून तावातावानं बराच वेळ बोलला. तिथे तापमानाची रेघ चक्क खाली आली होती. आमच्या पदरात काय पडलं? "ते म्हणतात, क्वालिटी चांगली आहे." तापमान का घसरलं, ती बॅच पुन्हा भट्टीत घातली का, काही कळलं नाही. ईएन १०२०४ या युरोपीय मानकानुसार ३.१ सर्टिफिकेटवर, म्हणजे मालाच्या तपासणीच्या दाखल्यावर, सही करणारा उत्पादन विभागाबाहेरचा लागतो. तो तसा आहे का, एवढा साधा प्रश्नही पलीकडे पोचला नाही.

पैसे परत मागितले तर करारातलं 'समकक्ष बदली'चं कलम पुढे केलं. वर पोराच्या प्रवासाचं वेगळं बिल!

स्लोव्हाकियाच्या न्याय मंत्रालयाची अधिकृत यादी नेटवर सगळ्यांना खुली आहे. दुभाषे आणि लेखी अनुवादक त्यात वेगवेगळे लावलेत. सीव्हीतल्या बाई तिथे खरोखरच सापडल्या. मेल केला, तर उत्तर आलं की या एजन्सीचं नाव त्या पहिल्यांदाच ऐकतायत. आजारी वगैरे काही नव्हत्या.

तेव्हा यादी बघाच आणि थेट त्या व्यक्तीशी बोला. पण तिथली नोंद भाषेपुरती असते, पोलाद कळतं की नाही हे त्यावरून समजत नाही. व्हिडिओ कॉलवर एखादा टेस्ट रिपोर्ट समोर धरून समजावून सांगायला लावा. करारात नाव घाला, बदली आली तर आगाऊ रक्कम परत, हेही लिहून घ्या. कोशित्सेच्या तांत्रिक विद्यापीठात मटेरियल्स आणि धातुशास्त्राची स्वतंत्र फॅकल्टी आहे, तिथेही विचारून बघा.

आमचे पैसे अजून अडकलेलेच आहेत. एजन्सीला कार्ड चालत नव्हतं, बँक ट्रान्सफरच हवी होती, आणि खातं भलत्याच नावाचं निघालं.