लेझर पोलरीमीटर संच: साखरेला पास, अजिनोमोटोला काठावर

अमळनेरजवळच्या ज्युनियर कॉलेजात मी फिजिक्स शिकवतो. पोलरीमीटर म्हणजे ध्रुवित प्रकाश (एकाच पातळीत कंप पावणारा) द्रावणातून जाताना त्याची पातळी किती अंश वळते, ते मोजणारं उपकरण. आमचा जुना सोडियमच्या दिव्यावर चालायचा. दिवा गेला, नव्याला ग्रँट नाही, म्हणून ३,६५० रुपयांत हा संच मागवला: ६५० नॅनोमीटरचा लाल लेझर, दोन पोलरॉइड (प्रकाश ध्रुवित करणाऱ्या चकत्या), २० सेंटिमीटरची काचनळी आणि अंशांची चकती. काचनळी उत्तम, झाकणं गळत नाहीत. पाचपैकी साडेतीन.

दीड गुण कापला तो पुस्तिकेमुळे. १०० मिलीला १० ग्रॅम साखर, तर कोन १३.३ अंश, असं त्यात छापलंय. मुलांना येतात साडेदहा-अकरा. बिचाऱ्यांनी दोनदा द्रावण केलं. मग माझी ट्यूब पेटली: कोष्टक सोडियमच्या ५८९ नॅनोमीटरचं आहे. तरंगलांबी वाढली की प्रकाशाचं वळणं कमी होतं, साधारण वर्गाच्या व्यस्त प्रमाणात. लाल लेझरला १०.८ च यायला हवेत. लेझर नवा बसवला, कोष्टक मात्र जुनंच ठेवलं! विक्रेत्याला फोन केला तर म्हणे, ‘सर, पोरांनी पाणी जास्त घातलं असेल.’

विज्ञान प्रदर्शनासाठी मुलांना ‘मेंदूतली रसायनं’ हवी होती. मी किराणा दुकानातून अजिनोमोटोची पुडी आणायला लावली. मागच्या बाकावरून आवाज आला, ‘सर, हाई ते चायनीजमा टाकतस तेच शे ना?’ तेच शे. मोनोसोडियम ग्लुटामेट. १९०८ साली जपानच्या इकेदांनी ज्या ग्लुटामेटची चव समुद्री शेवाळात ओळखली, तेच मेंदूत पेशीपेशींमधला मुख्य उत्तेजक निरोप्या आहे. (खाल्लेलं बहुतेक आतड्यातच खर्ची पडतं, मेंदूपर्यंत जात नाही. हे पोरांच्या आयांना वेगळं सांगावं लागलं.)

२ नॉर्मल तीव्रतेच्या हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिडमध्ये अजिनोमोटोचं १० टक्के द्रावण केलं. सोडियमवर पाच अंश येतात, आपल्या लेझरवर चार. इथे संचाचा कस लागतो. चकतीचा लीस्ट काउंट, म्हणजे वाचता येणारं सर्वांत लहान माप, एक अंश, आणि पोलरॉइड फिरवताना लेझरचा ठिपका विझतो तो एका रेघेवर नाही. पाच-सहा अंश नुसता काळोख, त्यात नेमका मध्य डोळ्याला सापडत नाही. मी मोबाईल रिपेअरवाल्याकडून दहा रुपयांचा एलडीआर (उजेडानुसार रोध बदलणारा सुटा भाग) आणून मल्टिमीटरला जोडला. काळोखाच्या दोन्ही बाजूंना सारखं रीडिंग येतं ते कोन घ्यायचे आणि मध्य काढायचा. आता कोन जागेवर येतो.

एकाने केळीची साल आणली, तिच्यात डोपामिन असतं म्हणून. असतं, आणि रेणू मेंदूतलाच. पण डोपामिनचा आरसा-जुळा नसतो, म्हणजे रेणू आणि त्याचं आरशातलं प्रतिबिंब एकच, त्यामुळे तो ध्रुवित प्रकाश वळवतच नाही. शिवाय तो शोषतो २८० नॅनोमीटरच्या आसपासचा अतिनील प्रकाश, लाल सरळ आरपार. त्यात संचाचा दोष नाही.

एप्रिलात बारानंतर प्रॅक्टिकल लावू नका, लेझरचं मॉड्यूल तापलं की उजेड खाली-वर होतो. लेझरवर इशाऱ्याचं स्टिकर नव्हतं. टोकाला काळा पुठ्ठा मीच लावला.

नवं कोष्टक अजून आलेलं नाही. झाकणाच्या आत माझ्या अक्षरातला कागद चिकटवलाय: साखर १०.८, अजिनोमोटो ४.१.