हातात उचललं तरी इंजिन भकभक करतच राहिलं

कुपवाड एमआयडीसीत माझं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. गिऱ्हाईक सबमर्सिबल खाली उतरवता उतरवता सांगतं, "काय नाही ओ, नुसता कॅपॅसिटर गेलाय." मी हो म्हणतो आणि आधी मीटर लावतो. पंचवीस वर्षांत कुणाच्या शब्दावर मोटार खोललेली नाही. तोच मी एका व्हिडिओवर ३४,००० रुपये घालवून बसलो.

माडीवर ८ बाय ४ फुटांच्या प्लायवर माझ्या मॉडेल आगगाडीचे रूळ आहेत. आजोळ मिरजेचं, त्यामुळे कुर्डुवाडीकडून येणारी नॅरोगेज गाडी लहानपणी रोजचीच. ते वाफेचं इंजिन स्टेशनात शिरताना आवाज कसा विरळ होत जायचा, ते अजून कानात आहे. मॉडेलमध्ये तोच आवाज हवा, एवढंच खूळ होतं.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. जुन्या पद्धतीत रुळाला १२ व्होल्टपर्यंत डीसी देतात. व्होल्ट वाढवले की गाडी पळते. डीसीसीत, म्हणजे नव्या डिजिटल पद्धतीत, रुळावर १४-१५ व्होल्ट कायम असतात आणि हुकूम त्याच करंटमधून जातात. प्रत्येक इंजिनातला डीकोडर आपल्या नंबरचा हुकूम तेवढा उचलतो. साउंड डीकोडर त्यापुढचा. फिरत्या मोटारीचा पुरवठा तो क्षणभर तोडतो. तेवढ्यापुरती मोटार जनरेटर होते, आणि तिचे उलटे व्होल्ट मोजून डीकोडरला चाकाचा वेग कळतो. त्या वेगावर तो भक्‌ भक्‌ वाजवतो. दोन सिलिंडरचं इंजिन असेल तर चाकाच्या एका फेऱ्याला चार भक्‌. हे मला दुकानातल्या कामाइतकं पाठ आहे, म्हणून जास्त लाज वाटते.

मॉडेलवाल्यांच्या एका ग्रुपवर जाहिरात आली. ओओ स्केल, म्हणजे १:७६, ब्रिटिश २-८-० जातीचं (पुढं दोन लहान चाकं, मग आठ मोठी) मालगाडीचं इंजिन, टेंडरमध्ये, म्हणजे इंजिनामागच्या कोळसा-पाण्याच्या डब्यात, 'ओरिजिनल लोकसाउंड डीकोडर आणि स्पीकर'. लोकसाउंड हा साउंड डीकोडरचा ब्रँड. तसला नुसता डीकोडर नवा घ्यायचा तरी दहा हजारांच्या आसपास जातात, त्यामुळे भाव पटला. माणूस बोलायला गोड, दर वाक्याला सर. त्यानं ४० सेकंदांचा व्हिडिओ पाठवला. मी तो किती वेळा पाहिला त्याला हिशेब नाही. खरं म्हणजे पाहिला नाही, डोळे मिटून ऐकला. बायको म्हणाली, "अहो, पैसे पार्सल आल्यावर द्या की." मी म्हटलं, असा माल थांबत नाही. अर्धे आधी, अर्धे कुरिअरच्या पावतीचा फोटो आल्यावर. क्यूआर कोडवर नाव भलत्याचंच आलं. "मेव्हण्याचं खातं आहे सर." ठीक आहे म्हणून पिन टाकला.

पार्सल आलं, इंजिन सुरेख होतं. रुळावर ठेवलं, पळालं, वाजलं. शिट्टीचं बटण दाबलं, काही नाही. फोन केला. "बटणांचं मॅपिंग बदललंय सर, रविवारी समजावतो." इंजिन थांबलं तरी भकभक चालूच. "सर, तो ब्लोअरचा आवाज." थांबलेल्या इंजिनात ब्लोअरची, म्हणजे धुराड्यात सोडलेल्या वाफेची, फुसफुस वाजते, पंप ठकठकतो, हे खरंच आहे. पण भक्‌ कशी वाजेल? दट्ट्याच हलत नाही! तरी मी रविवारची वाट बघितली. माणसाला एकदा खरं मानायचं ठरलं की तो स्वतःच कारणं शोधतो.

शनिवारी रात्री चाकं पुसायला इंजिन टेंडरसकट उचललं. ते हातात भकभक करत राहिलं. काही डीकोडरना रुळावरच्या घाणीसाठी कॅपॅसिटर जोडलेला असतो, त्यावर एक-दोन सेकंद निघतात. मी मोजायला लागलो. दहा झाले, वीस झाले. साठाला मोजणं सोडलं आणि स्क्रूड्रायव्हर घेतला.

टेंडरमध्ये खेळण्यातलं एमपीथ्री कार्ड, नखाएवढा स्पीकर, डबलटेपनं चिकटवलेली छोटी लिथियम बॅटरी, आणि तळाला काळ्या रंगानं झाकलेला सरकता स्विच. इंजिनात डीकोडर होता, पण बिनआवाजाचा, स्वस्तातला. डीकोडरच्या सेटिंगच्या खान्यांना सीव्ही म्हणतात; सीव्ही ८ मध्ये डीकोडर बनवणाऱ्याचा नंबर असतो. लोकसाउंडचा १५१ यायला हवा. प्रोग्रामिंग ट्रॅकवर, म्हणजे सेटिंग वाचायच्या वेगळ्या रुळावर, वाचला, १५१ आला नाही. हे वाचायला एक मिनिट लागतं. पहिल्याच दिवशी वाचलं असतं तर निदान तो फोन तरी उचलत होता.

रविवारी नंबर बंद. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, पोलीस ठाण्यातही अर्ज दिला. तिथं खेळण्यातल्या आगगाडीला चौतीस हजार दिले, हे दोनदा सांगावं लागलं. पैसे आलेले नाहीत. चोवीस तासांच्या आत फोन केला असता तर काही रक्कम अडवता आली असती, असं तिथल्या पोरानं सांगितलं. मी आठ दिवस ब्लोअर ऐकत बसलो होतो.

वापरलेलं साउंड इंजिन घेणार असाल तर तयार व्हिडिओ घेऊ नका, व्हिडिओ कॉल लावा. इंजिन एकदम हळू चालवायला सांगा आणि चाकाच्या फेऱ्याला चार भक्‌ पडतात का मोजा. थांबवायला सांगा. शिट्टी तुम्ही म्हणाल तेव्हा वाजवायला सांगा. मग इंजिन रुळावरून उचलायला सांगा. शेवटी सीव्ही ८ तुमच्यासमोर वाचायला लावा. टाळाटाळ झाली की कॉल ठेवा. आणि खातं मेव्हण्याचं असेल तर मेव्हण्याला कॉलवर घ्या.

आवाज बंद करून मी तो जुना व्हिडिओ परत पाहिला. इंजिन वळणावर हळू होतं, थांबतं, पुन्हा निघतं. मग आवाज चालू केला. भकभक सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकाच चालीत.

मागच्या आठवड्यात तोच व्हिडिओ दुसऱ्या ग्रुपवर, दुसऱ्या नावानं आलाय. मागं निळ्या फुलांचा पडदा आहे, डाव्या कोपऱ्यात स्टीलचा तांब्या. भाव आता २८,००० सांगतोय.