बिलावर ७२ लिटर, आत जेमतेम ४८: सबवूफर बॉक्सच्या नावाखाली होणारी फसवणूक

गणपतीआधी गाडीत बेस बसवून घ्यायची घाई चिपळूणपासून सावंतवाडीपर्यंत सगळीकडे असते. त्या घाईत ‘खास ट्यून केलेला बॉक्स’ म्हणून साधा रेडिमेड खोका गळ्यात मारला जातो. कुडाळच्या एका ग्राहकाकडून बारा इंची सबवूफरच्या (खास बेसच्या स्पीकरच्या) अशाच बॉक्सचे साडेपाच हजार उकळले. बिलावर आतली जागा ७२ लिटर, ट्यूनिंग (बॉक्स आणि त्याचा पाईप ज्या सुरावर घुमतात तो) ३५ हर्ट्झ. बॉक्स उघडून मोजला तर दोन्ही आकडे खोटे.

७२ कुठून आले? बाहेरून टेप लावून: ६० × ४० × ३० सेंमी. १८ मिमीची फळी दोन्ही बाजूंनी वजा केली की आत ५६.४ × ३६.४ × २६.४, म्हणजे ५४ लिटर. त्यातले साधारण ३ लिटर सबवूफरचं मॅग्नेट आणि बास्केट (सांगाडा) खातं, आणि हवा आत-बाहेर जाण्यासाठीचा पूर्ण लांबीचा पाईप (पोर्ट) बसवला तर तो आणखी ३. राहिले ४८. बऱ्याच बारा इंची सबवूफरना पोर्टेड बॉक्समध्ये एवढी जागा पुरतेही. खरी लबाडी पाईपमध्ये होती.

४८ लिटरचा बॉक्स ३५ हर्ट्झवर आणायचा तर आतून १० सेंमी व्यासाचा पाईप सुमारे ३३ सेंमी लांब लागतो. इथे आतली खोली २६ सेंमी. पुढून सरळ पाईप बसणारच नाही. एल्बो लावून वळवायचा आणि त्याच्या आतल्या तोंडासमोर १० सेंमी तरी मोकळे ठेवायचे. तेवढी मेहनत कोण घेणार? १२ सेंमीचा तुकडा कापून चिकटवून दिला. एवढ्याशा पाईपवर ट्यूनिंग ५० हर्ट्झच्या आसपास जातं.

दुकानात हे लक्षात येत नाही, कारण तिथे मुद्दाम डीजेचं गाणं लावतात. त्यातला मारा ५०-६० हर्ट्झचा, नेमका बॉक्स जिथे घुमतो तिथलाच. घरी डबलबारीचं भजन लावलं की पखवाजाची प्रत्येक थाप एकाच सुरात गुरगुरते. आणि नुकसान पुढेच आहे. ट्यूनिंगच्या खाली कोनला (स्पीकरच्या हलणाऱ्या पडद्याला) हवेचा आधार राहत नाही, तो मोकाट हलतो. बिलावरच्या ३५ वर विसंबून सबसॉनिक फिल्टर (ठरावीक आकड्याखालचा बेस अडवणारी सेटिंग) ३० ला लावलेला असतो. मग ३० ते ४५ हर्ट्झचा बेस जोरात वाजला की कॉइल (कोन हलवणारी तारेची गुंडाळी) मागच्या प्लेटवर आपटते, टकटक ऐकू येते. सबवूफर गेला की उत्तर ठरलेलं: ‘तुम्ही आवाज फार वाढवलात.’ हे उत्तर मुळीच ऐकून घेऊ नका.

पैसे देण्याआधी तिथेच तपासा. मोबाईलवर टोन जनरेटर (हव्या त्या हर्ट्झचा एकच सूर वाजवणारं ॲप) लावा, बेस बूस्ट आणि सबसॉनिक बंद, आवाज कमी. ६० हर्ट्झपासून एकेक करत २५ पर्यंत खाली या आणि टॉर्च मारून कोन बघा. ज्या आकड्यावर कोन सगळ्यात कमी हलतो आणि पाईपमधून वारा सगळ्यात जोरात येतो, तेच ट्यूनिंग. एक-दोन हर्ट्झचा फरक चालेल, पंधराचा नाही.

सबवूफर काढायला लावून भोकाची कापलेली कडही बघा, कार्पेटखाली काय आहे ते तिथेच दिसतं. थर दिसले तर प्लाय, दाणेदार भुसा दिसला तर पार्टिकल बोर्ड. आपल्याकडच्या पावसाळ्यात पार्टिकल बोर्ड फुगतो, स्क्रू धरत नाहीत, सांध्यातून हवा फुसफुसते. कोकणात १८ मिमीचा, आयएस ७१० शिक्क्याचा मरीन प्लायच घ्या.

बिलावर आतले निव्वळ लिटर, ट्यूनिंग, पाईपचा व्यास, लांबी आणि प्लायचा दर्जा लिहून घ्या. फसवणूक झालीच असेल तर काहीही सुटं करण्याआधी टेप लावून फोटो काढा, व्हॉट्सॲपवरचं बोलणं जपून ठेवा. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार करा. तिथे भागलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे २ वर्षांच्या आत अर्ज करता येतो. वकील देणं सक्तीचं नाही आणि ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्कही नाही.