जुन्या बंगल्याला वाळवंटी रूप: नवं चढवायचं की आहे ते खुलवायचं?

सत्तर-ऐंशीच्या दशकात बांधलेला बंगला, मोबाइलमध्ये मातकट भिंती, कमानी आणि निवडुंगांचे फोटो, आणि समोर दोन अंदाजपत्रकं. पुण्या-नाशिकपासून सोलापूर-संभाजीनगरपर्यंत जुनं घर 'डेझर्ट मॉडर्न' रूपात नव्याने करायला निघालेल्यांची गाडी बहुतेक वेळा इथेच अडते.

पहिल्या अंदाजपत्रकात सगळं नवं असतं. जुनी फरशी उखडून वाळूच्या रंगाच्या मोठ्या व्हिट्रिफाइड टाइल्स, भिंतींवर टेक्स्चर पेंट किंवा मायक्रोसिमेंट (सिमेंटचा पातळ लेप), दारांना जिप्समच्या कमानी, जिन्यातली सिमेंटची जाळी काढून तिथे काच. दुसऱ्यात तोडफोड कमी. फरशीला घासून पॉलिश, ओलीचा बंदोबस्त करून चुन्याचा गिलावा, जाळी जागेवरच, आणि उरलेला खर्च गच्ची व सावलीवर. माझा कौल बहुतेक जुन्या घरांसाठी दुसऱ्याला आहे. पहिलं कुठे चालतं तेही पुढे सांगतो.

आधी ही शैली कुठून आली ते पाहू. कॅलिफोर्नियातल्या पाम स्प्रिंग्ज या वाळवंटी गावात १९४० ते १९६० च्या दशकांत जी घरं उभी राहिली, त्यांत सपाट छत, बाहेर काढलेले खोल छज्जे, मोझॅकची फरशी आणि सिमेंटच्या जाळीच्या भिंती वारंवार दिसतात. रिचर्ड न्यूट्रा यांनी १९४६ मध्ये तिथे बांधलेल्या कॉफमन हाउसला ऊन अडवण्यासाठी फिरवता येणाऱ्या उभ्या अ‍ॅल्युमिनियमच्या पट्ट्या आहेत. १९९० च्या दशकात त्या घराची डागडुजी करताना मूळ दगडाशी मिळताजुळता दगड हवा म्हणून युटामधल्या खाणीचा बंद पडलेला भाग पुन्हा उघडायला लावला होता. आहे ते जपण्याची इतकी आच होती.

आता स्वतःच्या घराकडे बघा. मोझॅकची फरशी, जिन्यातली सिमेंटची जाळी, खिडक्यांवरचे छज्जे, बाहेरून खरबरीत सँड-फेस्ड प्लास्टर, वर सपाट स्लॅब. फोटोत जे पाहून जीव गुंतला, त्यातलं निम्मं तुमच्याकडे आधीच आहे आणि पहिलं अंदाजपत्रक नेमकं तेच फेकून द्यायला सांगतंय.

भिंत: खरा निर्णय इथे

जुन्या विटांच्या भिंतीत थोडीफार ओल असतेच. जोत्यातून चढते, गच्चीतून उतरते, नाहीतर न्हाणीघराच्या पाइपातून झिरपते. भिंतीला श्वास घेता आला तर ती ओल हळूहळू उडून जाते. टेक्स्चर पेंट बहुधा अ‍ॅक्रिलिकचा असतो आणि भिंतीवर त्याचा पापुद्रा बसतो. आतलं पाणी त्याला मागून ढकलतं, क्षार वर येतात, आणि एखाद-दुसऱ्या पावसाळ्यानंतर लोणा फुटून पोपडे सुटायला लागतात. मायक्रोसिमेंट दोन-तीन मिलिमीटर जाडीचं असतं, वर सीलरचा हात. घट्ट, न हलणाऱ्या पायावर ते देखणं दिसतं. पण जुन्या घराच्या भिंती ऋतूंप्रमाणे किंचित हलतात आणि खालची प्रत्येक केसासारखी चीर गुळगुळीत पृष्ठभागावर उमटते.

चुना याच्या उलट वागतो. तो हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून पुन्हा चुनखडीसारखा होतो, ओल अडवून धरत नाही, आणि बारीक चिरा काही अंशी आपणच भरून काढतो. रंगही त्याच्या पोटातच मिसळतो. गेरूने विटकरी छटा येते, पिवडीने (पिवळ्या मातीने) वाळूची. वर थर दिलेला नसल्याने उन्हाची तिरीप पडली की भिंतीत कमी-जास्त छटा दिसतात. फोटोतली ती ऊब म्हणजे हेच, आणि टेक्स्चरच्या रोलरने ती येत नाही. आपल्याकडे हे परकंही नाही. जुन्या चुन्यात हिरडा आणि गूळ घालत. महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांत आतून नीरूचा हात असतो, तोही चुन्याचाच. तुमच्या गवंड्याला आराईश हा राजस्थानी घोटीव गिलावा ठाऊक नसेल, पण नीरू घोटलेला वयस्क कारागीर अजून सापडतो.

चुन्याच्या अडचणी खऱ्या आहेत. मजुरी जास्त, थरांमध्ये थांबावं लागतं, पाणी मारत राहावं लागतं, आणि मालकाला सहा महिने भाड्याच्या घरात राहणं शक्य नसेल तर हा मार्ग जड जातो. शिवाय चुना ओलीचं औषध नव्हे. गळणारा पाइप गळतच राहिला तर चुन्याचाही गिलावा सुटेल.

म्हणून कोणताही निर्णय घेण्याआधी एक साधी परीक्षा करा. पारदर्शक प्लास्टिकचा दोन फूट चौरस तुकडा भिंतीवर चारही बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट लावा आणि दोन दिवस तसाच ठेवा. प्लास्टिकच्या आतल्या बाजूला, भिंतीकडे, थेंब दिसले तर पाणी भिंतीतून येतंय. बाहेरच्या बाजूला दिसले तर खोलीतल्या हवेचं. हे पावसाळ्यात, जोत्याच्या वर हातभर, प्रत्येक बाहेरच्या भिंतीच्या खोलीकडच्या बाजूला करा. आतून थेंब आले त्या भिंतीला रंगाची कंपनी काहीही म्हणो, पापुद्रा चढवू नका. जिथे थेंब नाहीत अशा आतल्या कोरड्या भिंतीवर टेक्स्चर पेंट खुशाल लावा. स्वस्तही पडतो.

फरशी

जुन्या मोझॅकवर तांब्याभर पाणी ओता आणि वाकून पाहा. वर्षानुवर्षांच्या फिनाइलखाली राखाडी झालेली फरशी ओली होताच पिवळे, तांबडे, दुधी चुरे वर येतात. पॉलिश केल्यावर फरशी साधारण तशीच दिसते. मशिनने घासताना घरभर चिखल होतो, पण नवी फरशी, तिची वाहतूक आणि मलबा हा सगळा खर्च वाचतो. पाम स्प्रिंग्जच्या शैलीला यापेक्षा इमानदार फरशी विकत मिळत नाही.

मोझॅक फुटलं असेल किंवा कधी नव्हतंच, तर पिवळा तांडूर किंवा जैसलमेरचा सोनेरी दगड घ्या. जैसलमेरचा रंग उजवा, पण तांडूर जवळच्या तेलंगणातून येतो म्हणून वाहतूक हलकी. बाजारात फरशी म्हणून मिळणारे हे दोन्ही दगड चुनखडीच्या जातीचे, त्यामुळे लिंबाचा रस सांडला की तिथली चकाकी कायमची जाते आणि हळद-तेलाचे डाग मुरतात. स्वयंपाकघरात त्यामुळे व्हिट्रिफाइड टाइल्सच घ्या, तिथे पहिलं अंदाजपत्रक बरोबर आहे. टेराकोटाची फरशी अंगण-व्हरांड्यात शोभते, घरात पुसून पुसून जीव जातो.

गच्ची आणि ऊन

फोटोत गच्ची दिसत नाही, म्हणून अंदाजपत्रकातही ती शेवटी येते. ती पहिली हवी. मेच्या मध्यावर पुण्यात दुपारचा सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो, म्हणजे सगळ्यांत जास्त ऊन स्लॅबच घेतो. जुना ब्रिकबॅट कोबा, म्हणजे स्लॅबवरचा विटांच्या तुकड्यांचा थर, गळत असेल तर त्यावर दुसरा कोबा चढवू देऊ नका. स्लॅबवर नसता भार येतो आणि गळती आतच राहते. जुना काढून नवा करा आणि वर पांढरे चायना चिप्स (चिनीमातीच्या टाइल्सचे तुकडे) बसवा.

पश्चिमेच्या खिडकीचं ऊन काचेच्या बाहेरच अडवायला हवं. छज्जा लांबवा, लाकडी पट्ट्या लावा, किंवा ती सिमेंटची जाळीच आणखी दोन ठिकाणी वापरा. आतून पडदा किंवा काचेवर फिल्म लावेपर्यंत उष्णता घरात शिरलेली असते. जिन्याची जाळी काढून काच लावण्याला माझा ठाम विरोध आहे तो यामुळेच.

कमानींबद्दल थोडक्यात. जिप्समची कमान दिसायला हरकत नाही. पण नऊ इंची भारवाहक भिंतीत कमान किंवा कोनाडा कोरायचा तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवल्याशिवाय छिन्नी लावू देऊ नका. वाड्यांच्या भिंती जाडजूड होत्या, म्हणून त्यांना कोनाडे पेलले.

घाटाच्या खाली हिशेब बदलतो

वाळवंटातलं घर रात्रीच्या गारव्यावर चालतं. जाड भिंत दिवसा तापते, रात्री निवते. सोलापुरात मे महिन्यात दिवस ४० अंशांचा आणि रात्र २५ च्या आसपास असते, तिथे हे गणित जमतं. मुंबईत दिवस ३३-३४ चा आणि रात्र २७ ची, शिवाय दमटपणा. तिथे वारा खेळता ठेवणं भिंतीच्या जाडीपेक्षा मोलाचं. कोकण-गोव्यात सपाट छताच्या मोहात पडू नका, उतरतं कौलारू छप्परच ठेवा. उबदार रंग हवाच असेल तर जांभ्याचा चिरा उघडा ठेवा आणि आडोशाच्या भिंतींना चुन्यात काव मिसळून द्या. गोवा-सिंधुदुर्गातल्या देवळांवरची कावी चित्रं चुना आणि त्या तांबड्या मातीचीच आहेत.

बागेत आयात निवडुंगांपेक्षा घायपात, कोरफड, पांढरा चाफा लावा. घायपात आणि चाफा मूळचे अमेरिका खंडातलेच, आणि आपल्या पावसाची त्यांना सवय झाली आहे. मुळाशी पाणी साचू देऊ नका, एवढंच. घरातले दिवे २७०० ते ३००० केल्विनचे, म्हणजे पिवळसर उजेडाचे घ्या. ६५०० च्या पांढऱ्या ट्यूबखाली गेरूची भिंत मळकट दिसते.

आधीच्या मालकांनी मोझॅकवरच टाइल्स चिकटवल्या असतील, तर दुसऱ्या अंदाजपत्रकाचा आग्रह फरशीपुरता सोडा. टाइल काढताना खालचं मोझॅक बहुधा सोबत निघतं. कपाटाखालची एक टाइल काढून बघा. खालचा थर शाबूत निघाला तर पुढे जा, नाहीतर त्या टाइल्स राहू द्या आणि तो पैसा गच्चीत घाला.