आधी रणांगण की आधी राजवाडा?

इंदूरच्या बऱ्याच मराठी घरांत मुलं हिंदी-इंग्रजीतून शिकतात. देवनागरी त्यांना अडत नाही. अडतं ते सलग मराठी वाचणं. अशा पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाला पहिली ऐतिहासिक कादंबरी कोणती द्यावी, लढाईवर चालणारी की एखाद्याचं आयुष्य सांगणारी? माझा कौल लढाईला, पण एका अटीवर.

लढाई वाचकाला ओढून नेते. पानिपतावर आपण हरलो हे का कुणाला सांगावं लागतं? तरी 14 जानेवारी 1761 ला विश्वासराव पडतात, सेनापती सदाशिवरावभाऊ हत्तीवरून उतरून घोड्यावर बसतात, रिकामी अंबारी बघून फौजेचा धीर सुटतो, तिथे ‘अहो, उतरू नका’ असं तोंडून निघतंच. मधले चार जुने शब्द कळले नाहीत तरी चालतं.

अट अशी, की लढाई तोफा सुटण्याआधी सुरू झाली पाहिजे. पानिपतावर दोन्ही फौजा दोन महिन्यांहून जास्त काळ समोरासमोर होत्या. अब्दालीने रसद तोडली, आणि छावणीत लढणाऱ्यांबरोबर बुणगे, बायकामुलं, यात्रेकरूही खाणारे. उपाशी फौज बाहेर का पडली हे ज्याला सांगता येतं, त्याच्याच तलवारी खऱ्या वाटतात. दुकानात उभ्या-उभ्या चाळून बघा: सुरुवातीच्या पानांत धान्य, चारा, नदी, कर्ज येतं का?

आपल्या गावासाठी आणखी एक कसोटी म्हणजे मल्हारराव. रण सोडून निघालेले होळकर लेखकाला आयते खलनायक मिळतात. गनिमी काव्याने लढावं, हे त्यांचं म्हणणं पुरतं मांडलंय का? नसेल तर पुस्तक परत ठेवा.

चरित्रात्मक कादंबरीत उलट घडतं. 1754 ला कुंभेरीच्या वेढ्यात तोफेच्या गोळ्याने अहिल्याबाईंचे पती खंडेराव गेले, एवढ्यात लढाई संपते. पुढची शेकडो पानं अहिल्याबाईंची, सासरे मल्हाररावांच्या हाताखाली कारभार शिकण्याची, मग महेश्वरची. चाळिशीतल्या वाचकाला यात जास्त सापडेल. सोळाव्या वर्षी लांबलचक स्वगतं पेलत नाहीत, आणि बरेच लेखक बाईंची आरतीच करत बसतात (इंदुरात ते खपतंही).

मात्र घरात आजी मोठ्याने वाचून दाखवणार असेल, तर चरित्रच घ्या. संवाद कानाला बरे लागतात. फौजेची उजवी-डावी बगल नुसती ऐकून ध्यानात राहत नाही.