म्हार्दोळच्या चार खोल्या आणि होस्टिंगवाल्यांचा स्पॅम फिल्टर

म्हार्दोळला देवळापासून चालत सात मिनिटांवर आमचं घर. मागच्या अंगाच्या चार खोल्या आम्ही पाहुण्यांना देतो. येणारे बहुतेक कुळावी, म्हणजे इथले देव ज्यांचं कुलदैवत ते, पुण्या-मुंबईचे: म्हाळशीला अभिषेक, मंगेशीचं दर्शन, कवळ्याला शांतादुर्गेची ओटी, दोन रात्री राहून परत. घरची म्हातारी माणसं फोन करतात, मुलगे मेल पाठवतात. त्या मेलसाठी हा सगळा खटाटोप.

वेबसाइट भाच्याने करून दिली. होस्टिंगवाल्या, म्हणजे वेबसाइट आणि मेल ज्यांच्या सर्व्हरवर राहतात त्या कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण अजून दीड वर्षाचे पैसे त्यांच्याकडे भरलेले आहेत.

वेबसाइटवर मेलचा पत्ता उघडा लिहिलेला, त्यामुळे रोजचे सत्तर-ऐंशी भिकार मेल. कर्ज घ्या, गोळ्या घ्या, तुमची वेबसाइट गूगलवर पहिली आणून देतो. कंपनीच्या चॅटवर विचारलं, तर आधी प्रीमियम फिल्टर घ्या म्हणाले, महिन्याला दीडशे रुपये, प्रत्येक मेलबॉक्सचे वेगळे. मी नको म्हटल्यावर मग कळलं की सीपॅनेलमध्ये, म्हणजे वेबसाइट आणि मेल सांभाळायच्या पानांत, ‘स्पॅम फिल्टर्स’ नावाचं एक पान आहे आणि ते आमच्या पैशातच येतं. त्याच्या आत अपाची स्पॅमअसॅसिन नावाचा प्रोग्राम चालतो. 2001 सालापासूनचा, फुकट, आणि जगभरच्या सर्व्हरांवर बसलेला. हे आधी सांगायला काय झालं होतं?

त्याचं काम मला शाळेतल्या पेपर तपासण्यासारखं वाटलं, फक्त इथे गुण जास्त मिळवणारा नापास. विषय सगळा मोठ्या अक्षरांत, इतके गुण. मजकूर नाही, नुसतं चित्र, आणखी इतके. बेरीज पाचावर गेली की स्पॅम. हा पाचाचा आकडा आपल्याला बदलता येतो.

चॅटवरच्या मुलाने शेवटी सल्ला दिला, ‘मॅडम, ऑटो-डिलीट चालू करा, कटकटच नको.’ केलं. चार दिवस मेलबॉक्स कसा सारवलेल्या अंगणासारखा. पाचव्या दिवशी पुण्याहून फोन: ‘काकी, जायांच्या पूजेला आम्ही सहाजण येतोय, मेलला उत्तर नाही तुमचं?’ (जायांची पूजा म्हणजे म्हाळशीला जाईची फुलं वाहण्याचा उत्सव.) मेल आलाच नव्हता! म्हणजे आला होता, पण ऑटो-डिलीटची मर्यादाही पाचच ठेवलेली, त्यामुळे दारातूनच गेला. असा गेलेला मेल कुठल्याही फोल्डरमध्ये सापडत नाही. ऑटो-डिलीट बंद करून, स्पॅम बॉक्स चालू करून त्यांना तोच मेल पुन्हा पाठवायला सांगितला. तो स्पॅमच्या फोल्डरमध्ये पडला. भाच्याने हेडर, म्हणजे मेलची एरवी न दिसणारी तांत्रिक माहिती, उघडून दाखवलं, 5.6 गुण. विषय होता इंग्रजी कॅपिटलमध्ये ‘रूम रिक्वायर्ड अर्जंट’, आणि मजकुराच्या जागी हाताने लिहिलेल्या कागदाचा फोटो. त्यांचं तरी काय चुकलं?

आता मर्यादा 7 वर ठेवली आहे. दिवसाला पाच-सहा भिकार मेल आत येतात. येऊ देत, मी हाताने काढते. सहा माणसं दोन रात्री म्हणजे काय, ते चॅटवरच्या मुलाला नाही कळायचं.

यजमान मात्र म्हणत होते, स्पॅमचं फोल्डर दिसतच नाही. त्यांच्या जुन्या कॉम्प्युटरवर खातं पॉप नावाच्या पद्धतीने जोडलेलं, आणि पॉप फक्त इनबॉक्स उतरवून घेतो. सर्व्हरवरची सगळी फोल्डरं दाखवणाऱ्या आयमॅपने जोडलं, फोल्डर दिसलं. त्यात अकराशे मेल साचलेले, आणि ते आपल्याच जागेत मोजले जातात. त्याच पानावर रिकामं करायचं बटण आहे. पण दाबण्याआधी एकदा वरून खाली बघून घ्या.

एक गाढवपणा माझा स्वतःचा. ओळखीचे पत्ते टाकायच्या व्हाइटलिस्टमध्ये मी आपलंच डोमेन, म्हणजे मेलच्या पत्त्यातला @ नंतरचा भाग, घातलं. दुसऱ्या आठवड्यात माझ्याच पत्त्यावरून मला मेल, की तुझा कॉम्प्युटर आमच्या ताब्यात आहे, बिटकॉइन पाठव. मेलमधला पाठवणाऱ्याचा पत्ता कोणालाही खोटा घालता येतो, आणि व्हाइटलिस्टमधल्या पत्त्याचे हा फिल्टर शंभर गुण वजा करतो. मीच चोराला पायघड्या घातलेल्या. ते डोमेन काढलं, आणि आता फक्त जुन्या पाहुण्यांचे पत्ते एकेक करून घालते.

सीपॅनेलमधली ‘डीफॉल्ट अ‍ॅड्रेस’ ही जागाही बघा. आमच्याकडे नसलेल्या पत्त्यांवर आलेले मेलसुद्धा माझ्या खात्यात पडत होते. ते एररसह परत पाठवायला लावल्यावर निम्मा कचरा एका रात्रीत कमी झाला. भाच्याच्या मते हे पहिल्याच दिवशी करायचं काम होतं. वेबसाइट त्यानेच केली होती, हे मी त्याला आठवण करून दिलं.

फिल्टरला पाचपैकी चार. एक तारा कापला तो पानासाठी, सगळं इंग्रजी आणि बारीक अक्षरांत. कंपनीच्या चॅटला एक, तोही मुलगा गोड बोलत होता म्हणून. पुण्याची मंडळी आली, राहिली, जाईच्या दोन माळा आमच्या देवांनाही देऊन गेली. पुढच्या खेपेला मात्र फोनच करणार म्हणाली.