पिकअपला पुढचा हिच: कुणी लावावा, कुणी मागच्यावरच भागवावं

पुढच्या हिचबद्दल, म्हणजे गाडीच्या नाकाशी बसवायच्या ट्रेलरच्या जोडणीबद्दल, विचारणाऱ्याला मी आधी एकच प्रश्न करतो: तुम्हाला ट्रेलर ओढायचाय की ढकलायचाय? रस्त्यावरून न्यायचा तर तो मागेच जोडायचा, त्याला पर्याय नाही. पुढचा हिच असतो तो मुक्कामी पोचल्यानंतरच्या शेवटच्या वीस-पंचवीस फुटांसाठी.

पुण्यात डीपी रोडवरच्या एखाद्या लॉन्समध्ये जनरेटरचा ट्रेलर मंडपाच्या मागच्या कोपऱ्यात लावायचाय, असं समजा. मागच्या हिचवर रिव्हर्स घेताना वळतात ती पुढची चाकं, आणि बॉल (ट्रेलर ज्यावर अडकतो तो हिचचा गोळा) असतो त्यांच्या चार मीटरहून जास्त मागे. म्हणून ट्रेलर उशिरा वळतो आणि वळायला लागला की आवरेपर्यंत गाडी आणि ट्रेलरची घडी होते. तोच पुढे जोडला तर बॉल पुढच्या चाकांपासून जेमतेम मीटरभरावर येतो. स्टिअरिंग जरा हललं की ट्रेलरचं नाक सरकतं, आणि सगळं समोरच्या काचेतून दिसतं. अर्थात ढकललेला ट्रेलर आडवा जातो हे इथेही टळत नाही. नाक उजवीकडे नेलं की शेपूट डावीकडे जाणारच. मान मोडून मागे बघत बसावं लागत नाही, हा मोठा फायदा. पहिला गिअर, 4x4 (चारही चाकांना ताकद) असेल तर लो रेंज (वेग कमी, ओढ जास्त), आणि चालण्याच्या वेगाहून जास्त वेग नाही.

बोटवाल्यांसाठी हा हिच खरोखर उपयोगाचा आहे. पानशेत किंवा पवना धरणाचं पाणी पावसाळ्यानंतर उतरत जातं तसा काठाचा गाळ उघडा पडतो. पुढे ट्रेलर लावून बोट सोडली की मागची चाकं वर, कोरड्या जमिनीवर राहतात. मागचा अ‍ॅक्सल आणि सायलेन्सर पाण्यापासून लांब. पण गाडी 4x2, म्हणजे फक्त मागच्या चाकांवर चालणारी, असेल तर थांबून विचार करा. उतारावर नाक खाली असताना वजन पुढच्या चाकांवर जातं, त्यात ट्रेलरचा भारही पुढेच. मग ओढायचं काम करणारी मागची चाकं नेमकी हलकी पडतात. बोट सोडणं सोपं, पण भरलेला ट्रेलर बाहेर काढताना चाकं फिरत राहू शकतात. 4x4 नसेल तर बोटीसाठी पुढचा हिच मी सुचवणार नाही.

मागचा हिच आणि चांगला कॅमेरा ही जोडी मात्र पुण्यातल्या बहुतेकांना पुरते. हिच तयार मिळतो, खर्च कमी, आणि त्याची क्षमता गाडीच्या कंपनीने दिलेल्या आकड्याशी पडताळता येते. सायकलींचं कॅरिअर लावायचं असेल तरी मागेच लावा. पुढे लावलं तर हेडलाइट आणि नंबर प्लेट झाकते, रेडिएटरची हवाही अडते. ट्रेलरला स्वतःची नोंदणी लागते हे दोन्ही पर्यायांत सारखंच.

आता विंच, म्हणजे रुतलेली गाडी दोराने ओढून काढणारं यंत्र. इथे बरेच जण थेट लोखंडी विंच-बंपर बसवून घेतात, आणि मला तो पर्याय शहरातल्या गाडीसाठी पटत नाही. रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर 2017 मध्ये राज्यांना कळवलं होतं की क्रॅश गार्ड आणि बुल बार (गाडीच्या नाकापुढे लावलेले लोखंडी दांडे) मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 चं उल्लंघन ठरतात. कायदा बाजूला ठेवला तरी आपल्या रस्त्यावर समोर सतत दुचाकी आणि पायी चालणारी माणसं असतात. धडक शोषून घेण्यासाठी केलेल्या भागापुढे टणक लोखंड लावलं तर त्यांना जास्त लागतं, आणि एअरबॅगच्या सेन्सरचं गणितही बिघडू शकतं.

हिचमध्ये बसणारा, काढता येणारा विंच त्यापेक्षा बरा: वापरापुरता लावा, एरवी घरी. पुढेमागे दोन्हीकडे रिसीव्हर (हिचची चौकोनी नळी) असतील तर एकच विंच दोन्हीकडे चालतो. विंचची ताकद भरलेल्या गाडीच्या दीडपट धरतात, 2.9 टनांच्या गाडीला साधारण 4.3 टन, म्हणजे बाजारातला 9,500 पौंडांचा. हिचची क्षमता त्याहून कमी असेल तर हिचचाच आकडा पाळा. दोर सरळ रेषेत ठेवा, तिरक्या ओढीत रिसीव्हरची नळी पिळवटते. आणि रुतलेली गाडी काढताना पट्टा बॉलला कधीच अडकवू नका. बॉल तुटला तर गोळीसारखा सुटतो.

वजनाचा हिशेब कुणी सांगत नाही, तो इथे मांडतो. पुढच्या अ‍ॅक्सलच्या मीटरभर पुढे 100 किलो टांगले आणि व्हीलबेस (पुढच्या-मागच्या अ‍ॅक्सलमधलं अंतर) 3.1 मीटर असेल, तर पुढच्या अ‍ॅक्सलवर 132 किलो वाढतात आणि मागच्यावरचे 32 कमी होतात. डिझेल इंजिनाचं वजन आधीच तिथे आहे.

पुढचा हिच बहुधा बनवूनच घ्यावा लागतो. भोसरी-चिंचवडकडे फॅब्रिकेशनचं चांगलं काम होतं, पण कारागिराला बजावून सांगा: चेसिसला वेल्डिंग नाही, नवं भोक नाही. कंपनीच्या मूळ भोकांतच, दोन्ही बाजूंच्या चेसिसला, 8.8 किंवा 10.9 ग्रेडचे बोल्ट टॉर्क पान्यानेच आवळायचे. काही दिवस चालवून ते पुन्हा तपासा. पावसाळ्याआधी नळीत आतून ग्रीस लावा, नाहीतर बॉल माउंट, म्हणजे नळीत सरकवायचा बॉलचा दांडा, गंजून अडकतो. काम सुरू करण्याआधी आरटीओत आणि विमा कंपनीला विचारा, उत्तर लेखी घ्या. काम झालं की बॉल माउंट काढून ठेवायची सवय पहिल्या दिवसापासून लावा. सिग्नलला तो थेट दुचाकीस्वाराच्या नडगीच्या उंचीवर येतो.